ग्राहक चळवळीत पूर्णवेळ यावे का: काम, शिक्षण आणि चरितार्थ

विमा कंपनीच्या दावे विभागात काही वर्षे नोकरी केल्यानंतर ती सोडून ग्राहक हक्कांसाठी पूर्णवेळ काम करावे, असे आपल्या मनात आहे. या कामाचे प्रत्यक्ष स्वरूप काय, कायद्याची पदवी लागते का आणि घर कशावर चालते, असे तीन प्रश्न आपण विचारले आहेत. एका ग्राहक संघटनेच्या मार्गदर्शन केंद्रात तक्रारदारांचे ऐकून घेण्यापासून नियामक आयोगांपुढच्या सुनावण्यांपर्यंत बरीच वर्षे हेच काम करत आल्यामुळे तिन्हींबद्दल माझी मते आता पक्की झाली आहेत, आणि ती सगळीच उत्साह वाढवणारी नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे मत आधी सांगतो. तक्रारदाराला त्याचे पैसे मिळवून देणे एवढ्यावर जो थांबतो, तो चांगला मदतनीस होतो. एका माणसाच्या तक्रारीतून सर्वांना लागू होणारा नियम पदरात पाडून घेईपर्यंत जो थांबत नाही, त्याला मी कार्यकर्ता म्हणतो. दोन्ही कामे आवश्यक आहेत, पण आयुष्य घालवावे असे दुसरेच आहे, आणि पहिले केल्याशिवाय दुसरे जमत नाही.

ही चळवळ कायद्यामुळे सुरू झाली असा अनेकांचा समज असतो. वस्तुस्थिती उलटी आहे. ग्राहक संरक्षण कायद्याला २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. परंतु त्याच्या बारा वर्षे आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले होते. पाठोपाठ १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिने भाषणांपेक्षा वाणसामानाकडे लक्ष दिले: शेजारपाजारच्या कुटुंबांचे गट करायचे, महिन्याची मागणी आगाऊ नोंदवून घ्यायची, माल घाऊक दराने एकत्र आणायचा आणि गटातल्या सभासदांनीच तो आपसांत वाटून घ्यायचा. या वितरणातून जे शिक्षण झाले ते कोणत्याही शिबिरात झाले नसते, कारण डाळीचा घाऊक भाव आणि दुकानातला भाव यांतले अंतर लोकांनी स्वतःच्या हिशेबाच्या वहीत पाहिले. १९७८ मध्ये मनुभाई शहा यांनी अहमदाबादेत कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर स्थापन केले आणि संशोधन, न्यायालयीन लढा व पुढे प्रयोगशाळेतली चाचणी हा वेगळा रस्ता धरला. आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक संघटनेच्या कामात या दोहोंपैकी एका परंपरेची छाप दिसते.

मनुभाई शहांच्या कारकिर्दीतला एक प्रसंग आपण विमा क्षेत्रातले असल्यामुळे मुद्दाम सांगतो. आयुर्विमा महामंडळाच्या धोरणांमुळे असंख्य विमाधारकांवर कसा अन्याय होतो, हे दाखवणारा एक अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला. महामंडळाच्या एका पदाधिकाऱ्याने त्याला ‘द हिंदू’ या दैनिकात लेख लिहून उत्तर दिले आणि शहांचे प्रत्युत्तरही त्याच दैनिकात छापून आले. पुढे पदाधिकाऱ्याचा लेख महामंडळाने आपल्या ‘योगक्षेम’ या नियतकालिकात घेतला. शहांनी आपले प्रत्युत्तरही तिथे छापावे अशी मागणी केली, तेव्हा मात्र हे आमचे अंतर्गत नियतकालिक आहे असे सांगून नकार देण्यात आला. बहुतेक माणसांनी इथे चिडून एखादे पत्र लिहिले असते आणि विषय संपवला असता. शहा गुजरात उच्च न्यायालयात गेले, जिंकले, आणि १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने आपल्या नियतकालिकात एकच बाजू छापून दुसरी दाबणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले. या खटल्यात कोणाला एक रुपयाही परत मिळायचा नव्हता. तरीही ग्राहक संघटनेला मोठ्या संस्थेशी बरोबरीने वाद घालता आला पाहिजे, हा पायाच त्याने घालून दिला.

आता रोजच्या कामाकडे येतो. मार्गदर्शन केंद्रात येणारा माणूस प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन येतो आणि सुरुवात अपमानाच्या हकिगतीपासून करतो: काउंटरवरचा माणूस कसा बोलला, फोन कसा ठेवून दिला. ते पूर्ण ऐकून घ्यावेच लागते, कारण त्याशिवाय तो पिशवी उघडत नाही. मात्र तक्रारीच्या मसुद्यात त्यातले फारसे काही येत नाही. पिशवीतली दुकानाची पावती पुष्कळदा थर्मल कागदावरची असते आणि तोवर कोरी पडलेली असते, म्हणून पावती हातात पडली त्याच दिवशी तिची छायाप्रत काढावी, हा सल्ला आम्ही इतक्यांदा दिला आहे की केंद्रातल्या भिंतीवर तो लिहूनच ठेवला. त्यानंतर कागद तारखेच्या क्रमाने लावायचे. तक्रार लढण्याजोगी आहे की नाही, हे निम्म्या वेळा त्या क्रमातच कळते.

आपल्याच क्षेत्रातले उदाहरण घेऊ. आरोग्यविम्याचा दावा नाकारल्याचे पत्र येते आणि त्यात लिहिलेले असते की रुग्णाने जुना आजार लपवला. आम्ही विमा कंपनीचे पत्र बाजूला ठेवून आधी रुग्णालयाचा केस पेपर मागवतो. त्यात पहिल्या पानावर, पाच वर्षांपासून रक्तदाब, असा एका ओळीचा उल्लेख सापडतो. तो कोणी केला? बहुधा रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने, रुग्ण बोलण्याच्या स्थितीत नसताना, सोबत आलेल्या नातेवाइकाला घाईत विचारून. त्या पाच वर्षांतली एकही औषधचिठ्ठी, एकही तपासणी अहवाल कंपनीकडे नसतो. नाकारण्याचा सगळा डोलारा त्या एका ओळीवर उभा असतो. हे आपण टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिले असणारच. आणखी एक गोष्ट तितकीच उपयोगी पडते: दावा नाकारताना पत्रात जे कारण दिलेले नाही, ते विमा कंपनीला नंतर ग्राहक आयोगापुढे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या यंत्रणेपुढे, नव्याने काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात स्पष्ट केले. म्हणून नामंजुरीचे पत्र हा कंपनीचा शेवटचा शब्द मानून खचून जाण्याऐवजी तो तिला बांधून घालणारा दस्तऐवज आहे, या दृष्टीने वाचावा. शिवाय २०२४ मध्ये बदललेल्या नियमानुसार सलग साठ महिने विमा चालू राहिल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून आरोग्यविम्याचा दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती.

मुदतीविषयी थोडे सांगतो, कारण सर्वाधिक चांगल्या तक्रारी मुदतीतच मरतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जावे लागते. सुशिक्षित माणूस या काळात कंपनीला ईमेल लिहितो, स्मरणपत्रे पाठवतो, ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ अशी उत्तरे जपून ठेवतो आणि त्या पत्रव्यवहारामुळे मुदत वाढत गेली असे समजतो. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण लेखी द्यावे लागते. कंपन्यांना हे चांगलेच ठाऊक असते, आणि काही कंपन्यांची गोड उत्तरे बरोबर पंचविसाव्या महिन्यात बंद होतात असा माझा संशय आहे.

कायद्याच्या पदवीबद्दल आपण विचारले आहे. ती असल्यास उत्तम, नसल्यास काम अडत नाही. मुळात ग्राहकाने वकिलाशिवाय आपली बाजू मांडावी, याच कल्पनेवर ही यंत्रणा उभी केली गेली. मुंबईतल्या एका जिल्हा मंचाने (आताच्या जिल्हा ग्राहक आयोगाचे हे जुने नाव) वकील नसलेल्या प्रतिनिधीला हजर राहण्यास मनाई केली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने २००२ मध्ये ती मनाई चुकीची ठरवली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्यानंतर अशा प्रतिनिधींसाठी नियमावली झाली, कारण ग्राहकाचे नाव पुढे करून धंदा थाटणारेही या दाराने आत आले होते, आणि ती नियमावली योग्यच आहे असे मला वाटते. पदवीपेक्षा मला नव्या माणसात एक सवय पाहायची असते: करारपत्रातले बारीक अक्षर कंटाळा न करता शेवटपर्यंत वाचण्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये गोविंदन राघवन यांच्या प्रकरणात एका बांधकाम कंपनीचा करार एकतर्फी ठरवला, तो अशाच वाचनामुळे. घर घेणाऱ्याचा हप्ता चुकला तर वार्षिक १८ टक्के व्याज, आणि कंपनी ताबा देऊ न शकल्यामुळे पैसे परत करायची वेळ आली तर ९ टक्के, अशी तरतूद त्यात होती. सही केली म्हणजे बांधले गेलो, असे समजून हजारो लोक ज्या कलमांपुढे गप्प बसले होते, ती कलमे अनुचित व्यापारी प्रथा आहेत असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी संमत झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित कराराची स्वतंत्र व्याख्याच आली.

आयोगातल्या कामाचे वर्णन थोडक्यात करतो, कारण आपण ते लवकर शिकाल. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेल्या मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोग, अशी सध्याची विभागणी आहे. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार दाखल करता येते, ही सोय मोठी आहे. निकाल तीन महिन्यांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वर्षे जातात, आणि हे तक्रारदाराला पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. निकाल बाजूने लागला तरी पैसे आपोआप येत नाहीत. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपील करणाऱ्या कंपनीला आदेशातली निम्मी रक्कम भरावी लागते, त्यामुळे वेळकाढूपणाला थोडा आळा बसला आहे. आदेश न पाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्यासाठी पुन्हा वेगळा अर्ज, पुन्हा तारखा. पुष्कळ संघटना निकालाची बातमी छापून आणतात आणि अंमलबजावणीच्या अर्जापाशी तक्रारदाराला एकटे सोडतात. ते मला पटत नाही.

या क्षेत्रातले सर्वांत परिणामकारक काम मात्र ग्राहक आयोगांच्या दालनात नसते, आणि तिथे वार्ताहरही फिरकत नाहीत. वीज वितरण कंपनी दरवाढीची याचिका करते तेव्हा महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग जाहीर सुनावणी घेतो. वीज कायदा २००३ मधल्या कलम ९४ च्या आधारे ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार आयोगाला आहे. पुण्याची प्रयास ही संस्था आणि मुंबई ग्राहक पंचायत यांनी ही जबाबदारी पार पाडलेली आहे. याचिका शेकडो पानांची असते. वीजगळती किती दाखवली, शेतीपंपांचा वापर मीटरविना कसा गृहीत धरला, खरेदीचा खर्च कोणत्या करारातून आला, हे तक्त्यांमागून तक्ते उलटून शोधायचे असते. गळतीचा एक टक्का कृषी वापराच्या रकान्यात ढकलला गेला, तर त्याचा भार प्रत्येक घरगुती बिलावर येतो आणि त्याबद्दल कोणीही ग्राहक पिशवी घेऊन केंद्रात येत नाही, कारण आपले नुकसान झाले हेच त्याला कळलेले नसते. एका तक्रारीत एका कुटुंबाचे काही हजार रुपये सुटतात. इथे एक तक्ता दुरुस्त झाला तर लाखो बिले बदलतात. दूरसंचार, बँका, विमा या सर्व क्षेत्रांत नियामक संस्था मसुदे प्रसिद्ध करून हरकती मागवतात. कंपन्यांकडून मुदतीच्या आत नीट बांधलेले अभिप्राय येतात. ग्राहकांच्या बाजूने बहुधा दोन-चार संस्था लिहितात, तीही धावपळ करून. माणसे कमी पडतात ती इथे.

चरितार्थाचा प्रश्न मी टाळणार नाही. या कामात पूर्णवेळ वेतन देणाऱ्या संस्था देशात मोजक्या आहेत. महाराष्ट्रातली चळवळ बहुतांशी निवृत्त लोक आणि नोकरी सांभाळून येणारे स्वयंसेवक यांच्यावर चालते. सरकारी अनुदानाचा एक स्रोत ग्राहक कल्याण निधी हा आहे, आणि त्याची मूळ कल्पना मला फार आवडते: कारखानदाराने ग्राहकाकडून वसूल केलेले उत्पादन शुल्क चुकीचे ठरले, तर ते कारखानदाराच्या खिशात परत जाऊ नये आणि मूळ ग्राहक शोधणेही शक्य नसते, म्हणून ते ग्राहकांच्या कामासाठी बाजूला ठेवावे. १९९१ मध्ये उत्पादन शुल्काचा कायदा दुरुस्त झाला, १९९२ मध्ये निधीचे नियम आले. मात्र अनुदानाचे प्रस्ताव, हिशेब आणि प्रतीक्षा यांवर घर चालवता येत नाही. अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षिततेवर टीका करणारे ग्राहक कार्यकर्ते राल्फ नेडर यांच्यामागे जनरल मोटर्सने खाजगी हेर लावले, त्यावरच्या दाव्यात १९७० मध्ये तडजोडीचे ४ लाख २५ हजार डॉलर मिळाले आणि ते त्यांनी ग्राहकांच्याच कामात घातले. अशी संधी प्रतिपक्ष सहसा देत नाही. तक्रारदाराला मिळालेल्या भरपाईत टक्का घेणे हा मार्ग काही जण धरतात. तो धरू नये. टक्का आला की मोठ्या रकमेची तक्रार महत्त्वाची वाटू लागते, तडजोडीचा सल्ला कोणाच्या हिताचा हे सांगता येत नाही, आणि समोरची कंपनी पहिला आरोप तोच करते. लेखन, प्रशिक्षण, अर्धवेळ अध्यापन, स्वतंत्र सल्लागाराचे काम, यांतून उत्पन्न उभे करणारे सहकारी मी पाहिले आहेत, परंतु ज्या उद्योगाविरुद्ध बोलायचे त्याच उद्योगाकडून सल्ल्याचे शुल्क घेता येत नाही, हे आपल्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे लागेल. पुढचा एक मार्ग म्हणजे ग्राहक आयोगाचे सदस्यपद. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निर्णयानुसार त्यासाठी ग्राहकविषयक कामासारख्या क्षेत्रातला दहा वर्षांचा अनुभव पुरेसा मानला गेला आणि लेखी परीक्षाही आली. मात्र ते पद न्यायनिवाड्याचे आहे. तिथे गेल्यावर चळवळ बाहेर ठेवावी लागते.

अब्रुनुकसानीच्या नोटिसा येतील. त्यांची भीती बाळगू नये, पण त्यांना निमंत्रणही देऊ नये. वस्तूची तुलनात्मक चाचणी करायची असेल तर नमुना साध्या दुकानातून बिलासह घ्यावा, साक्षीदारांसमोर सीलबंद करावा, त्यावर बॅच क्रमांक नोंदवावा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा आणि अहवाल छापण्याआधी कंपनीला तिचे म्हणणे लेखी मांडण्याची संधी द्यावी. कंपनीने उत्तर दिले तर ते अहवालासोबत जसेच्या तसे छापावे. ‘योगक्षेम’च्या प्रकरणात ग्राहक चळवळीने ज्याचा आग्रह धरला, ते स्वतः पाळले नाही तर बोलायला तोंड राहत नाही.

आपल्यासाठी माझा सल्ला असा. राजीनामा लगेच देऊ नका. जवळच्या ग्राहक संघटनेत आठवड्यातून एक संध्याकाळ मार्गदर्शन केंद्रावर बसा, पण आपण ज्या कंपनीत काम करता तिची प्रकरणे हाताळू नका आणि तिथली अंतर्गत कागदपत्रे बाहेर आणू नका. त्यात आपलेही नुकसान आणि संघटनेचेही. विमा लोकपालाची यंत्रणा विनाशुल्क आहे, ५० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी आहे आणि तिचा निवाडा विमा कंपनीवर बंधनकारक असतो, तरी तिथे एक वर्षाच्या आत जावे लागते हे दावा नाकारला गेलेल्या पुष्कळ लोकांना ठाऊक नसते. त्या अर्जांच्या मसुद्यांपासून सुरुवात करा. नाकारलेले दावे कारणांनुसार वेगळे काढत गेलात, तर वर्षभरात एखादे कारण वारंवार येताना दिसेल. ते कारण, त्यामागची उदाहरणे आणि पॉलिसीतले संबंधित कलम एकत्र करून नियामकाकडे निवेदन द्या, आणि पुढच्या वेळी विमा नियमांचा मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा तीच आकडेवारी घेऊन लेखी अभिप्राय पाठवा. त्या अभिप्रायाला उत्तर येईपर्यंत आपल्याला या कामाची चव कळलेली असेल, आणि पगाराशिवाय किती महिने निभेल याचा हिशेबही घरच्यांसोबत बसून तोवर करता येईल.